पष्टेसरांचा कॅमेरा

डॉ. भगीरथ पष्टे याला उंदरांची किळस यायची. मुरबाडच्या त्या प्रयोगशाळेत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दारावर ‘प्राणी-चित्रण विभागप्रमुख’ अशी पितळी पाटी लावून बसलेला हा माणूस प्राणिगृहात शिरताना नाकाला रुमाल लावायचा, पिंजऱ्यांपासून लांब भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि “सगळं ठीक ना?” असं विचारून उत्तर यायच्या आत बाहेर पडायचा. उंदीर त्याला पडद्यावर आवडत. पडद्यावर ते मुतत नाहीत, बोटाला चावत नाहीत आणि पाहुण्यांना दाखवता येतात.

पाहुणे आले की पष्टे खुलायचा.

“पूर्वी काय व्हायचं,” तो सांगायचा, “औषधाचा गुण येतोय की नाही हे बघायला दर आठवड्याला काही उंदीर मारून कापून बघायचे. आता कापायचं नाही. तोच उंदीर जिवंत ठेवायचा, आज बघायचा, पुढच्या आठवड्यात परत बघायचा. सुई नाही, सुरी नाही, नुसता कॅमेरा!”

आणि मग जरा थांबायचा, जणू तो कॅमेरा त्याने घरी ओट्यावर बसून जोडला होता. त्याचं बटण कुठं आहे हेही त्याला सांगता आलं नसतं. आणि सुई तर असायचीच. ती दीप्ती टोचायची.

दीप्ती उबाळे वाशिंदची. बाप तिथल्याच कारखान्यातून निवृत्त झालेला, आई अंगणवाडीत. एम.एस्सी. करून ती ह्या नोकरीला लागली तेव्हा आळीतल्या बुद्धविहारात तिचा सत्कार झाला होता. सकाळी ती टमटमने शहापूरला यायची आणि तिथून मुरबाडची एसटी धरायची. किन्हवलीला हिराबाई चढायची. हिराबाई प्राणिगृहात पिंजरे धुवायची, भुसा बदलायची, उंदरांचं दाणापाणी बघायची. घरी थोडं भाताचं शेत, नवरा रामा, एक मुलगी लग्न होऊन गेलेली. दीप्ती खिडकीजवळची जागा तिच्यासाठी धरून ठेवायची, कारण हिराबाईला एसटीत मळमळायचं.

“काय गो, आज काजवे काय?” हिराबाई बसता बसता विचारायची.

ज्या दिवशी फोटो असत त्या दिवसाला ती काजव्यांचा दिवस म्हणायची आणि ते फार चुकीचं नव्हतं. त्या उंदरांच्या अंगात स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी सोडलेल्या होत्या आणि त्या पेशींमध्ये काजव्याचा गुण मुद्दाम उतरवलेला होता. फोटोआधी दीप्ती उंदराच्या पोटात एक द्रव टोचायची. तो गाठीपर्यंत पोचला की गाठ आतून उजळायची. उजेड इतका मंद की डोळ्यांना दिसत नसे. उंदराला गॅसने झोपवून काळ्या डब्यात ठेवायचं, दार बंद करायचं, की कॅमेरा तो उजेड टिपून त्याला रंग द्यायचा. भरपूर उजेड असला तर लाल, कमी असला तर निळा. गाठ वाढतेय की आटतेय ते अशा रीतीने उंदराला न कापता कळत असे. दीप्तीला ह्या कामाचा अभिमान होता. तिला लाज वाटायची ती फक्त ह्या कामाच्या मागे छाती काढून उभ्या राहणाऱ्या माणसाची.

त्या हंगामात एका कंपनीचा लेप तपासायला आला होता. काळपट, तेलकट, कडू वासाचा. तो उंदराच्या गाठीवरच्या भादरलेल्या कातडीला रोज लावायचा. दुसऱ्या गटातल्या उंदरांना नुसतं साधं तेल. कंपनीच्या मालकाला घाई होती आणि पष्टेला मालकाची. काही आठवड्यांनी फोटो आले ते असे: साध्या तेलाचे उंदीर लालबुंद, लेपाचे उंदीर जवळजवळ विझलेले.

पष्टेने ते दोन फोटो शेजारी शेजारी लावून मोबाइलवर घेतले आणि बायकोपासून आमदाराच्या पी.ए.पर्यंत सगळ्यांना पाठवले. “मुरबाडमधून जगाला उत्तर,” असं खाली लिहिलं. प्रश्न कोणी विचारला होता ते लिहिलं नाही.

दीप्तीला ते फोटो पटले नाहीत. ते उंदीर विझल्यासारखे दिसत होते पण बरे झाल्यासारखे दिसत नव्हते. एकाला हातात धरलं तर बोटाखाली गाठ चांगली लागत होती. आणि लेपाने त्याची कातडी तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती. बल्बवर काजळी धरली तर खोलीत अंधार होतो, म्हणून बल्ब गेला असं कोणी म्हणत नाही. तिने स्पिरिटचा बोळा घेतला, ती कातडी हळूहळू पुसून काढली आणि उंदीर परत काळ्या डब्यात ठेवला.

पडदा लाल झाला.

तिने आणखी काही उंदीर पुसले. सगळे लाल. मग लहान प्राण्यांसाठी असतं ते सोनोग्राफीचं यंत्र लावून गाठी मोजल्या. लेपाच्या उंदरांच्या गाठी बाकीच्यांइतक्याच होत्या, एकदोन तर मोठ्या. ती फोटो घेऊन पष्टेच्या केबिनमध्ये गेली.

“सर, उजेड कमी झालेला नाही. लेपाच्या रंगाने झाकला गेलाय.”

पष्टेने फोटो बघितले. बराच वेळ बघितले. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं आणि तो खुर्चीत नीट बसला.

“तू पुसलंस कशाला?”

“खात्री करायला.”

“प्रयोगात पुसायचं ठरलंय का?”

“नाही, पण...”

“मग तू प्रयोग बिघडवलास. आणि सोनोग्राफी कोणी मागितली होती?”

“कोणी नाही. पण सर, गाठ आहे तशीच आहे. आतमध्ये वाढतेय.”

“गिऱ्हाइकाने फोटो मागितलेत, दीप्ती. गाठी नाही मागितल्या.” तो हसला. “तू हुशार आहेस. पण तुला अजून मोठं चित्र दिसत नाही.”

दीप्ती बाहेर आली. न कळणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती आणि त्यांच्याशी तिचं जमायचं. ह्याला कळलं होतं. फोटो बघताना त्या एका क्षणात सगळं स्वच्छ कळलं होतं आणि तेवढ्यात त्याने ते गिळून टाकलं होतं, पानात आलेला खडा चारचौघांत गिळावा तसं. त्या दिवसापासून तिला त्याच्याकडे बघून बोलणं जमेना. ती त्याच्या खिशातल्या पेनाकडे बघून बोलायची.

पुढच्याच पंधरवड्यात शिबिर झालं. मुरबाडच्या एका मंगल कार्यालयाबाहेर भलामोठा फलक लागला. त्यावर दीप्तीचे ते दोन उंदीर, एक लाल, एक विझलेला, मध्ये सूट घातलेला पष्टे आणि खाली अक्षरं: ‘सुई नाही, सुरी नाही! एका फोटोत स्तनाच्या कर्करोगाचं निदान. महिलांसाठी मोफत.’ कंपनी लेपाच्या बाटल्या वाटणार होती. दीप्तीला पांढरा कोट घालून हजर राहायचा हुकूम होता. ती गेली. नोकरी होती म्हणून गेली आणि दारात फलक बघून तिला तो कोट काढून गटारात टाकावासा वाटला.

आत पडद्यामागे जो कॅमेरा लावला होता त्याचा प्रयोगशाळेतल्या कॅमेऱ्याशी काही संबंध नव्हता. तो उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. कारखान्यात कुठली वायर तापलीय ते शोधायला वापरतात, त्यातलाच. बाई समोर बसली की टीव्हीवर तिचं अंग रंगीत दिसायचं. गरम जागा लाल, गार जागा निळी-हिरवी. उंदराच्या फोटोतही लाल म्हणजे वाईट होतं, इथंही लाल म्हणजे वाईट. पष्टेच्या विज्ञानाला एवढं साम्य पुरेसं होतं.

भिमी नावाची एक बाई भर उन्हातून चालत आली होती. घोटभर पाणी प्यायची सवडही न देता तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. टीव्हीवर ती पेटलेली दिसली. कंपनीच्या माणसाने “अरेरे” म्हटलं आणि भिमी तिथल्या तिथे रडायला लागली.

“सर, ती उन्हातून आलीय,” दीप्ती पष्टेच्या कानाशी म्हणाली.

“गप्प उभी राहा.”

भिमीला लेप चोळला, पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं. थोड्या वेळाने परत कॅमेऱ्यासमोर आणलं तर ती हिरवी. पष्टेने स्वतः पडदा बाजूला सारून बाहेरच्या बायकांना ओरडून सांगितलं, “बघा, एका लेपात फरक!” बायकांनी टाळ्या वाजवल्या. भिमी पष्टेच्या पायाला हात लावायला वाकली आणि पष्टेने लावू दिला.

दीप्ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिथे तिला हिराबाईने गाठलं. नेहमीची कामाची साडी नव्हती, ठेवणीतली नेसून आली होती. हातात चकचकीत कागदावरचं स्वतःचं रंगीत चित्र.

“दीप्तीबाय, माझं हिरवं आलं गो!”

“बरं झालं,” दीप्ती तुटकपणे म्हणाली. “घरी जा आता मावशी. इथं काही खरं नाही.”

“जाते. पण जीव कसा भांड्यात पडला बघ. मला वाटत होतं, ती गाठ हाय ना, तिचं काय निघतंय.”

“कुठली गाठ?”

“इथं, डाव्या अंगाला. भात लावला तवापासनं हाय. दुखत बिखत नाय. आता सरांनी सांगितलं काय नाय म्हनून.”

भात आता खळ्यात येऊन पडलं होतं.

“मावशी, उद्या सरकारी दवाखान्यात चला माझ्याबरोबर. शहापूरला.”

“कशाला? सर बोलले ना. ते तुझ्यापरीस मोठे डॉक्टर हायत.”

“ते तसले डॉक्टर नाहीत. त्यांनी पुस्तक लिहिलं म्हणून त्यांना डॉक्टर म्हणतात. आजारी माणसाला त्यांनी कधी हात लावलेला नाही.”

“असं बोलू नये गो. त्यांचं मीठ खातो आपन.”

तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला, लेपाची बाटली न्यायला. हिराबाई पदर सावरत लगबगीने गेली.

सोमवारी एसटीत हिराबाई शेजारी येऊन बसली आणि तो कडू वास दीप्तीच्या नाकात गेला. ब्लाउजवर डाव्या बाजूला काळपट डाग उमटला होता. दीप्ती मुरबाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. राग तिला पष्टेचा आला होता. पण शेजारी बसलेल्या बाईचाही आला होता, आणि तो लपवणं जड जात होतं.

प्राणिगृहात ती सोनोग्राफीच्या यंत्राशी बसली होती तेव्हा हिराबाई हात पुसत जवळ आली.

“एक सांगू? तू एवढी घाबरवतेस तर ह्याच मशिनीत बघ ना माझं. दोन मिनटाचं काम.”

“नाही बघता येत मावशी. हे एवढ्याशा जीवासाठी आहे. आणि माणसाला लावायची कायद्याने परवानगी नाही. लावलं तर यंत्र सील होईल.”

“म्हंजे उंदराला बघायचं, आठवड्याच्या आठवड्याला. गॅस देऊन, गरम गादीवर निजवून.” हिराबाई सावकाश म्हणाली. “नि त्याचा गू काढते तिला नाय.”

दीप्ती उठली, पिंजऱ्यातून लेपाचा एक उंदीर काढला, त्याला टोचलं, झोपवलं आणि हिराबाईला पडद्यासमोर खुर्चीवर बसवलं. आधी न पुसता फोटो घेतला.

“ह्याचं काय दिसतंय?”

“निळं. बरा हाय हा.”

दीप्तीने बोळा त्या कातडीवरून फिरवला. बोळा काळा झाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग परत डब्याचं दार लावलं. पडद्यावर लाल डाग उमटला, मध्ये पिवळा, भडक.

“हा तोच उंदीर?” हिराबाईने विचारलं.

“तोच. तुमच्यासमोर पुसला.”

हिराबाईने ट्रेमधला स्पिरिटचा कापूस उचलला आणि ती मोरीत गेली. दार लावून घेतलं. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा ब्लाउज ओला होता आणि डोळे कोरडे.

“कधी जायचं?” ती म्हणाली.

शहापूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि दमलेली दिसत होती. तिने आधी हाताने तपासलं. दोन्ही बाजू, काखेत, गळ्याशी, घाई न करता. मग हिराबाईने पिशवीतून तो चकचकीत कागद काढून पुढे केला.

“हे हिरवं आलंय,” ती चाचरत म्हणाली. अजून कुठंतरी तिला त्या हिरव्याची आशा होती.

डॉक्टरिणीने कागद बघितला, उलटा करून मागे काय लिहिलंय ते बघितलं आणि टेबलावर ठेवून त्यावर आपला चहाचा कप ठेवला.

“सोनोग्राफी करून घ्या आजच. मग ठाण्याला मॅमोग्राफी आणि सुईने तपासणी. मी लिहून देते. सुई टोचावी लागेल मावशी, थोडं दुखेल. पण नक्की कळेल.”

नक्की कळलं. कर्करोग होता. काखेपर्यंत नुकता पोचत होता, पुढे गेलेला नव्हता. अजून काही महिने तो लेप चोळत बसल्या असत्या तर वेगळं बोलावं लागलं असतं, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी रामाला सांगितलं. रामा खुर्चीवर बसून होता. तो “बरं, बरं” एवढंच म्हणत राहिला. मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. मग औषधं सुरू झाली, केस गेले, तोंडाला चव राहिली नाही. मुलगी सासरहून येऊन राहिली.

इकडे दीप्तीने एक काम केलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती असते, तिच्यावर बाहेरचे एक वयस्कर पशुवैद्य होते. तिने त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “मी येतो. माझ्यासमोर पुसा.”

ते आले. समितीसमोर लेपाचे सगळे उंदीर पुसले गेले आणि एकेक लाल होत गेला. पष्टे भिंतीशी रुमाल धरून उभा होता. दीप्ती मनात म्हणत होती, आता बोल. आता मोठं चित्र दाखव.

पशुवैद्य वळून म्हणाले, “डॉक्टर, हे काय आहे?”

पष्टेने रुमाल खाली घेतला.

“मलाही हीच शंका होती सर,” तो म्हणाला. “म्हणून तर मी दीप्तीला पुसून बघायला सांगितलं. शंका घेणं हाच विज्ञानाचा पाया, असं मी माझ्या मुलांना नेहमी सांगतो.” आणि त्याने दीप्तीच्या खांद्यावर हात ठेवला. “चांगलं काम केलंस.”

दीप्तीने तो हात खांद्यावरून काढला. झटकला नाही. खांद्यावर पडलेली पाल काढावी तसा, दोन बोटांनी मनगटाला धरून बाजूला केला.

“तुम्ही सांगितलं नव्हतं,” ती समितीकडे बघत म्हणाली. “तुम्ही म्हणालात, गिऱ्हाइकाने गाठी मागितल्या नाहीत.”

पशुवैद्यांनी चष्मा पुसला. प्रयोग थांबला, लेपाला मिळायचा होता तो शेरा मिळाला नाही. पष्टेचं काही झालं नाही. त्याच्या वरच्यांना त्याच्यासारखा पाहुण्यांशी बोलणारा माणूस हवा होता. दीप्तीला काढायची मात्र कोणाची हिंमत झाली नाही, कारण पशुवैद्य अधूनमधून फोन करून तिची चौकशी करायला लागले होते.

वाटलं होतं एवढ्यावर संपेल. पण पष्टेसारखी माणसं तोंडावर पडली तरी त्या जागेचा फोटो काढून घेतात.

हिराबाईची औषधं संपत आली होती. दीप्ती रविवारी किन्हवलीला तिच्याकडे गेली होती. दोघी ओटीवर बसल्या होत्या, रामा दावणीला गवत टाकत होता, आणि पष्टेची गाडी दारात उभी राहिली. बरोबर फोटोवाला, हातात शाल आणि नारळ. दीप्तीला बघून पष्टे अर्धं पाऊल थबकला आणि मग आणखी मोठ्याने हसला.

“काय हिराबाई! कशी आहे तब्येत? अहो, तुम्ही तर आमच्या शिबिराचं यश!”

रामा हात पुसत धावत आला. खुर्ची मांडली. पाणी दिलं.

“वेळेत निदान झालं म्हणून वाचलात,” पष्टे बसत म्हणाला. “शिबिराला आला नसतात तर कळलं असतं का? हे लोकांपर्यंत जायला पाहिजे. महिन्याअखेर शहापूरला कार्यक्रम आहे, महिला आरोग्यासाठी माझा सत्कार आहे. तुम्हीही स्टेजवर यायचं. आता फक्त एक फोटो काढू.”

“येईल ना, येईल,” रामा म्हणाला.

हिराबाईने डोक्यावरचा स्कार्फ नीट केला. आजारपणाने ती वाळली होती, पण आवाज तिचाच होता.

“फोटो कशाचा काढता सर?”

“तुमचा. हसरा.”

“तोंडाचा?”

“हो, मग?”

“आजार तोंडाला नव्हता. कापलं तिथला काढता काय? दाखवू?” आणि तिने पदराला हात घातला.

फोटोवाल्याने मान फिरवली. पष्टे खुर्चीतून अर्धवट उठला. “अहो, तसं नाही, तुम्ही गैरसमज...”

“तुमच्याकडं माझा फोटो हाय की. हिरवा. तो लावा फलकावर, नि खाली लिवा, हिला गाठ हाय.” ती थांबली. दम लागला होता. “त्या दिवशी मला तुमी म्हनालात, जा घरी, काय नाय. मी तो लेप लावत होते. देवाला दिवा लावून मग लावत होते, सर.”

पष्टेने दीप्तीकडे पाहिलं. तिने हे पढवलं असणार असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दीप्तीने काही पढवलं नव्हतं. ती त्याच्याकडे पहिल्यांदाच पेनाकडे न बघता बघत होती, आणि तिला वाटलं होतं तेवढंही त्या चेहऱ्यात काही नव्हतं. घाम आणि थोडी पावडर.

“शाल राहू द्या,” पष्टे रामाला म्हणाला आणि गाडीकडे निघाला.

“ती पन न्या,” हिराबाई म्हणाली.

गाडी गेल्यावर रामा चिडला. सरांचा पाणउतारा केला, उद्या कामावर घेतील का, असं बडबडत राहिला. हिराबाईने ऐकून घेतलं.

“घेतील,” ती म्हणाली. “न घेऊन करतील काय? पिंजरे तो धुनार हाय?” मग दीप्तीकडे वळली. “नि तू पन ऐक. शिबिरात तू बघितलंस माझ्याकडं, ते मला कळलं होतं. मी खुळी असल्यासारखं. सर हसून खोटं बोलले, नि तू खरं बोललीस ते नाक मुरडून. हसला त्याचं ऐकलं मी. कोनीबी ऐकलं असतं.”

दीप्तीचा चेहरा उतरला. ती काहीतरी बोलायला गेली.

“ऱ्हाऊ दे,” हिराबाई म्हणाली. “मोरीत कापूस घेऊन गेले तवा तू दाराबाहेर उभी होतीस, ते पन मला कळलं होतं. चा ठेव, जा. साखर कमी टाक, तोंडाला अजून गोड लागत नाय.”

शहापूरचा सत्कार व्हायचा तसा झाला. स्टेजवर पष्टेच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर शेवटी ध्वनिक्षेपकवाला जाऊन बसला. लेपाच्या कंपनीने प्रयोगशाळा सोडली पण लेप विकणं सोडलं नाही, आणि पुढचं शिबिर नेमकं किन्हवलीला ठरवलं. पष्टे त्यालाही होता, नव्या सुटात.

हिराबाई तेव्हा कामावर रुजू झाली होती, हलक्या कामाला. शिबिराच्या दिवशी तिने रजा टाकली. गावातल्या मंगल कार्यालयाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसली. तिने कोणाला अडवलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती एवढंच म्हणायची, “आत पोहे हायत, खा. चित्र काढायचं तर काढ. उद्या सकाळी माझ्यासंग शहापूरला चल, तिथं बाई डॉक्टर हात लावून बघते.” तिच्या डोक्यावर नुकते बोटभर केस उगवले होते. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

पुष्कळ बायकांनी पोहे खाल्ले आणि त्या घरी गेल्या. काही पडद्यामागे गेल्याच, हिरव्या होऊन हसत बाहेर आल्या. हिराबाई त्यांनाही तेच म्हणाली. पष्टे दोनदा फाटकापर्यंत आला आणि तिला बघून परत पंख्याखाली जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीप्तीची मुरबाडची एसटी किन्हवलीला थांबली तेव्हा समोरून शहापूरची आली होती. तिच्या दाराशी बायकांचा घोळका होता आणि मध्ये हिराबाई. भावना नावाची शेजारची सून पायरीवर पाय ठेवून घुटमळत होती.

“चढ गो,” हिराबाई तिला मागून ढकलत होती, “दुखलं तर दुखलं, मी हाय ना.” मग कंडक्टरला ओरडली, “अरे, थांब जरा, सगळ्या येऊ देत!”

दीप्तीने खिडकीतून हाक मारली. गर्दीच्या आवाजात हिराबाईला ती ऐकू गेली नाही. ती शेवटच्या बाईला आत घेऊन स्वतः चढली आणि खिडकीजवळची जागा मिळते का ते बघायला लागली.